हेड कोच व्हायला अमेरिकेत येणार असशील तर

तुझं पत्र दोनदा वाचलं. वय २३, पुणे, मेकॅनिकलची पदवी, ४ वर्षं फ्लॅग फुटबॉल (अमेरिकन फुटबॉलचाच प्रकार, पण अंगावर न जाता कमरेची पट्टी ओढायची) खेळतोस आणि आता शाळेतल्या मुलांना शिकवतोस. इथे येऊन कॉलेज फुटबॉलचा हेड कोच व्हायचं मनात आहे. त्यासाठी स्पोर्ट मॅनेजमेंटचं मास्टर्स करणार, बाबा घर तारण ठेवायला तयार आहेत. आणि विचारतोयस की दादा, किती वर्षं धरू, आणि टॅकल फुटबॉल, म्हणजे अंगावर जाऊन पाडायचा प्रकार, कधी खेळलो नाही ते आड येईल का.

वर्षं १५ ते २० धर. न खेळणं आड येईल, पण त्यातून वाट काढलेली माणसं आहेत. व्हिसाचं मात्र तू विचारलंच नाहीस, आणि घोडं नेमकं तिथेच अडतं. कोचिंगची शिडी २० वर्षांची आणि तुझ्या हातात मुदत दोन-तीन वर्षांची. हे दोन्ही एकत्र कसं बसवायचं ते ठरल्याशिवाय घराच्या कागदांवर सही होऊ देऊ नकोस. हे पत्र बाबांनाही वाचायला दे.

आधी शिडी बघू. पहिली पायरी ग्रॅज्युएट असिस्टंट, इथे सगळे जीए म्हणतात. मास्टर्सची फी बहुतेक ठिकाणी कॉलेज भरतं, वर थोडा भत्ता, आणि बदल्यात पडेल ते काम. मग क्वालिटी कंट्रोल किंवा अ‍ॅनालिस्ट, म्हणजे फिल्म आणि आकडेवारीचं काम. मग एका पोझिशनचा कोच. मग ऑफेन्सचा (चढाईचा) किंवा डिफेन्सचा (बचावाचा) कोऑर्डिनेटर, म्हणजे त्या बाजूचा प्रमुख. त्यानंतर कुणी विचारलं तर हेड कोच. निक सेबन १९७३ मध्ये केंट स्टेटला जीए म्हणून लागला आणि हेड कोचची पहिली नोकरी त्याला टोलिडोमध्ये १९९० साली मिळाली. ज्यानं पुढे ७ राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली त्याला १७ वर्षं लागली, म्हणून मी १५ ते २० म्हणतो.

न खेळलेल्यांमध्ये माइक लीचचं नाव लक्षात ठेव. ब्रिगम यंग विद्यापीठात तो रग्बी खेळला, कॉलेज फुटबॉल नाही. मग पेपरडाइनची कायद्याची पदवी घेतली आणि वकिली सोडून १९८७ मध्ये कॅल पॉलीत कोचिंगला लागला. १९८९ मध्ये तर फिनलंडमधल्या पोरी गावच्या संघाचा कोच होता! पुढे आयोवा वेस्लियन, व्हाल्डोस्टा स्टेट, केंटकी अशी एकाच हेड कोचबरोबर वर्षानुवर्षं भटकंती केली, आणि त्या जोडीनं एअर रेड ही पासिंगची पद्धत घडवली. आज शाळेच्या संघांपासून एनएफएल या व्यावसायिक लीगपर्यंत तिचे तुकडे दिसतात. २००० साली टेक्सस टेकनं त्याला हेड कोच केलं. २०२२ च्या डिसेंबरात तो गेला तेव्हा मिसिसिपी स्टेटचा हेड कोच होता. मला या माणसाविषयी फार आदर आहे. पण एक बघ, १३ वर्षं तुटपुंज्या पगारावर गावोगाव फिरणं त्याला जमलं, कारण देश त्याचा होता. नोकरी सुटली तर त्याला देश सोडावा लागणार नव्हता.

तुला लागेल. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कॉलेज चालू असताना आवारातलं काम आठवड्याला २० तासच करता येतं. आणि जीएचं काम २० तासांत मावत नाही. शनिवारी सामना झाला की रविवारी सकाळी पुढच्या प्रतिस्पर्ध्याची फिल्म उघडायची. प्रत्येक प्लेला (एकेका चालीला) डाउन, म्हणजे चार प्रयत्नांतला, कितवा, किती यार्ड हवेत, चेंडू कुठल्या हॅशवर (मैदानावरच्या खुणेवर), फॉर्मेशन (मांडणी) कोणतं, मैदानात बॅक (मागे उभे राहणारे) किती आणि टाइट एंड (रांगेच्या टोकाशी उभे राहणारे) किती, हे सगळं टिपायचं. चार सामन्यांच्या प्लेजची संख्या सहज पाचशेवर जाते. सोमवारी रात्री स्काउट कार्डं काढायची. म्हणजे प्रतिस्पर्ध्याची एकेक प्ले मार्करनं कार्डावर काढायची. सरावात आपलीच राखीव मुलं ते कार्ड बघून प्रतिस्पर्धी बनतात आणि आपला डिफेन्स त्यांच्यापुढे तयार होतो.

माझ्या पहिल्या सीझनला, नोव्हेंबरात, मी एका कार्डावर टाइट एंड उजवीकडे काढायच्या ऐवजी डावीकडे काढला. कडाक्याची थंडी, हातमोज्यात कार्ड धरलेलं, अकरा मुलं गोलात वाकून बघतायत. ती चुकीची उभी राहिली, म्हणून समोरची अकरा चुकीची सरकली, आणि तीन रेप (सरावातल्या फेऱ्या) वाया गेले. कोऑर्डिनेटर आला, माझ्या हातातलं कार्ड घेतलं, खिशातल्या मार्करनं दुरुस्त केलं आणि परत दिलं. बोलला काहीच नाही. त्या रात्रीपासून मी प्रत्येक कार्ड फिल्मशी दोनदा ताडून बघतो, अजूनही. या कामात विश्वास असा एकेका कार्डावर मिळतो, आणि त्याला तास लागतात.

अमेरिकन मुलगा ६०-७० तास घालतो, त्याला कायदा आडवा येत नाही. तू घातलेस तर तुझं स्टेटस जाईल. मला एका ठिकाणी सुचवलं होतं की २० तास पगारी दाखव, वरचे स्वयंसेवक म्हणून कर. मी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जाऊन विचारलं. तिथल्या बाईंनी सरळ सांगितलं की ज्या कामाचा पगार मिळतो तेच काम वर फुकट केलंत तरी ते नोकरीच धरलं जाईल. मी ती जागा सोडली. खूप वाईट वाटलं होतं, पण आज इथे आहे तो त्यामुळेच. कुठलीही जागा घेण्याआधी त्या ऑफिसात जा, आणि तोंडी उत्तरावर थांबू नकोस, ईमेल घे.

पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे त्याच व्हिसावर नोकरी करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात आणि त्यात सगळे मिळून ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा. विद्यापीठांना त्याची लॉटरी लागू नाही, ही चांगली बाब. पण तो व्हिसा अशा कामाला मिळतो ज्याला विशिष्ट विषयाची पदवी लागतेच, आणि रिसीव्हर्सच्या (फेकलेला चेंडू झेलणाऱ्यांच्या) कोचला अमुकच पदवी हवी हे पटवणं फार अवघड जातं. भारतातून थेट येणाऱ्याच्या नव्या अर्जावर सप्टेंबर २०२५ मध्ये १ लाख डॉलरची रक्कम लावली गेली, तेवढी कुठलंही छोटं कॉलेज भरणार नाही.

समजा एच-१बी मिळालाच. कॉलेज फुटबॉलमध्ये हेड कोचला काढलं की त्याच्याबरोबर बहुतेक सगळा स्टाफ जातो, आणि हे नोव्हेंबरच्या शेवटी होतं. २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एमनं जिंबो फिशरला काढलं तेव्हा त्याला करारापोटी सुमारे साडेसात कोटी डॉलर देणं होतं. पोझिशन कोचला आणि व्हिडिओच्या मुलांना असला करार नसतो. एच-१बी वर नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, म्हणजे जानेवारीच्या शेवटापर्यंत. जानेवारीत अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन भरतं. हॉटेलच्या लॉबीत शेकडो कोच बायोडेटा घेऊन उभे असतात. सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच जागी उभी, ओळखीचा चेहरा दिसला की पुढे होणारी दोन मुलांची बापमाणसं मी बघितली आहेत. तुझ्या डोक्यावर तेव्हा ६० दिवसांची मुदतही असेल.

म्हणून स्पोर्ट मॅनेजमेंट करू नकोस, निदान कर्ज काढून तर नकोच. स्टॅटिस्टिक्स किंवा डेटा सायन्स कर. ती पदवी स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर ओपीटीचे आणखी २४ महिने मिळतात, म्हणजे एकूण ३ वर्षं. आणि आता फुटबॉललाच ही माणसं हवी आहेत. चौथ्या डाउनला पंट करायचा (चेंडू लाथेनं दूर द्यायचा) की प्रयत्न खेळायचा, प्रतिस्पर्धी तिसऱ्या डाउनला कुठून ब्लिट्झ (जादा माणसांची धडक) आणतो, कुठला खेळाडू कुठल्या कॉलेजातून येऊ बघतोय, याचा हिशेब ठेवणारी माणसं मोठ्या कार्यक्रमांत पगारी असतात. फुटबॉलमधलं असं काम तुझ्या पदवीशी जोडून दाखवता येतं. फुटबॉल नाही मिळालं तरी दुसरी नोकरी मिळते, कर्ज फिटतं आणि घर वाचतं.

मी तसाच आलो. २०११ मध्ये सांगलीहून स्टॅटिस्टिक्सच्या मास्टर्सला, संघाच्या व्हिडिओरूममध्ये २० तास, मग कॉलेजच्या ऑफिसात आकडेवारीची नोकरी. ग्रीन कार्ड लग्नामुळे झालं. नोकरीच्या रांगेतून भारतीयांना त्यासाठी फार वर्षं थांबावं लागतं, तेव्हा माझ्याकडे बघून तो अंदाज बांधू नकोस. ते झाल्यावरच मी मैदानावर उतरलो. आज ओहायोतल्या एका डिव्हिजन तीनच्या (कॉलेज खेळांच्या तिसऱ्या स्तराच्या) कॉलेजात रिसीव्हर्स शिकवतो. हेड कोचच्या मुलाखतीपर्यंत दोनदा पोचलो, जागा मिळाली नाही. प्रयत्न चालू आहेत.

टीव्हीवर दिसतात ते सव्वाशे-दीडशे मोठे संघ. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेत फुटबॉल खेळणारी कॉलेजं साडेसहाशेच्या वर आहेत आणि डिव्हिजन तीनमध्ये खेळाची शिष्यवृत्तीच नसते. माझं मत विचारशील तर तुझी जागा तिथे आहे. ओहायोतल्याच माउंट युनियनला लॅरी केरेसनं १९८६ ते २०१२ एकाच ठिकाणी राहून ११ राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. लान्स लायपोल्ड व्हाइटवॉटरला ६ जिंकून बफलो आणि मग कॅन्ससला गेला. केलेन डिबोअरनं सू फॉल्स या लहानशा कॉलेजात ५ सीझनमध्ये ६७ सामने जिंकले आणि ३ हरला. त्यानंतर पुन्हा कोऑर्डिनेटर म्हणून खालून सुरुवात केली, आणि २०२४ मध्ये अलाबामानं सेबनच्या जागी त्यालाच नेमलं.

छोट्या कॉलेजात अर्धं काम रिक्रूटिंगचं, म्हणजे खेळाडू मिळवण्याचं, असतं. मुलगा फी भरून येणार, म्हणून कोचनं अमुक इतकी मुलं आणावीत अशी कॉलेजची अपेक्षा असते. गेल्या हिवाळ्यात एका घरी गेलो होतो. वडील कामावर, आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेली. तिनं प्लेबुकचं काही विचारलं नाही. विचारलं, "डोक्याला मार बसला तर त्या रात्री याच्याजवळ कोण असेल?" मी ट्रेनर, डॉक्टर, खेळ थांबवायचे नियम, सगळं सांगितलं आणि माझा घरचा नंबर कागदावर लिहून दिला. मुलगा आला. हे तुला जमेल, कारण तू पत्रात शाळेतल्या मुलांबद्दल लिहिलंयस ते वाचून मला तसं वाटलं.

आणि ते शिकवणं आत्ता सोडू नकोस. फ्लॅग फुटबॉल २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये घ्यायचा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्याच अधिवेशनात झाला. ओ-१ हा व्हिसा खेळातल्या असामान्य कामगिरीवर मिळतो, कोचलासुद्धा. देशपातळीवरच्या संघाबरोबर काम केलंस, नियुक्तीची पत्रं, स्पर्धांचे निकाल, वर्तमानपत्रातली कात्रणं नीट जपलीस, तर पाच-सात वर्षांनी ती वाट उघडू शकते. पुण्यात राहून ती तयारी होते, फुकटात.

अर्ज नंतर भरू. आधी डिव्हिजन तीनचा कुठलाही एक पूर्ण सामना इंटरनेटवर शोध आणि एका संघाच्या ऑफेन्सची प्रत्येक प्ले एक्सेलमध्ये टाक: डाउन, यार्ड, हॅश, फॉर्मेशन, बॅक आणि टाइट एंड किती, निकाल काय. मग त्यातल्या तिसऱ्या डाउनच्या प्लेज हातानं कार्डावर काढ. शीट आणि कार्डांचे फोटो मला पाठव, मी माझ्या शीटशी ताडून बघतो आणि कुठे चुकलंय ते कळवतो.