कार्बोरेटरचं किट टाकल्यापासून मारुती 800 सुरूच होत नाही. कार्बोरेटर पुन्हा खोलू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी 1997 ची मारुती 800. स्लोला (ॲक्सिलरेटर न दाबता) बंद पडायची, पण सुरू व्हायची. तुम्ही शनिवारी घरीच कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) उतरवला, धुतला, किट (नवी पॅकिंग, निडल वगैरे) टाकलं, परत चढवला. आता सेल्फ मारला की गरागरा फिरते, पण उचलत नाही.

कार्बोरेटर आज तरी खोलू नका. शनिवारपर्यंत गाडी सुरू होत होती, म्हणजे इंजिनात दम आहे. जे काही बिघडलं ते या दोन दिवसांत, तुमच्या हाताखाली बिघडलंय. हे टोचेल, पण बातमी चांगली आहे, कारण शोधायची जागा लहान झाली. आणि माझा अनुभव असा की अशा वेळी दोष कार्बोरेटरच्या पोटात कमी, आजूबाजूला जास्त सापडतो.

पहिलं म्हणजे, धुतलेला कार्बोरेटर कोरडा असतो. फ्लोटच्या वाटीत, म्हणजे आत पेट्रोल साठतं त्या जागेत, थेंबही नसतो. या गाडीचा पेट्रोल पंप (गॅरेजात ज्याला एसी पंप म्हणतात तो) इंजिन फिरेल तेव्हाच पेट्रोल ओढतो. मागच्या टाकीपासून पुढपर्यंतची नळीही रिकामी झाली असेल तर दोनचार सेल्फमध्ये काही होत नाही. लोक तेवढ्यात घाबरतात आणि पाने काढून बसतात. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा, असं पाचसहा वेळा करा. बॅटरी आधीच दमलेली असेल तर मोठी सिरिंज घ्या, पेट्रोलची नळी कार्बोरेटरपाशी काढा आणि तिथूनच पंचवीस-तीस मिली पेट्रोल हळूहळू आत सोडा. सांडलेलं पुसा, नळी परत बसवा, मगच सेल्फ. बाटलीने वरून कार्बोरेटरच्या घशात (हवा आत जाते त्या तोंडात) ओतायचं आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा, हा उद्योग करू नका. एक फटाका वर आला की बॉनेटखाली जाळ होतो.

या कार्बोरेटरला एक छोटी गोल काच असते. पेट्रोल त्या काचेच्या मधल्या खुणेच्या आसपास दिसायला हवं. काच मळकट असते, पुसून टॉर्च मारा. काचेत काहीच दिसत नसेल तर बहुधा कार्बोरेटरपर्यंत माल पोचतच नाहीये. मग नळ्या बघा: येणारी आणि परतीची उलट बसलीय का, फिल्टर उलटा लावलाय का (त्यावर बाण असतो), जुन्या रबराला चीर जाऊन पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतोय का. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. सत्त्याण्णव सालचं रबर त्यासाठी बनवलेलंच नव्हतं. जुन्या नळ्या असतील तर या निमित्ताने बदलूनच टाका.

काचेत पेट्रोल आहे, तर पुढचं. एअर फिल्टरचा डबा काढलेलाच असू द्या. इग्निशन बंद ठेवून घशात डोकावा आणि हाताने ॲक्सिलरेटरची केबल झटकन ओढा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी. उडाली, तर सुरू होण्यापुरतं पेट्रोल आत जातंय. वाटी भरलेली असून पिचकारी नाही, तर मात्र तुम्ही कार्बोरेटर उलटा केला तेव्हा ही पिचकारी मारणाऱ्या आतल्या छोट्या पंपाच्या वाटेतली बारीक स्टीलची गोळी टेबलाखाली गेली असण्याची शक्यता बरीच. बहुतेक कार्बोरेटरांत अशी एखादी गोळी असते. झाडू घ्या आणि शोधा, मी एकदा फरशीच्या सांध्यातून काढलीय.

उलट, काचेत खुणेच्या वर पेट्रोल आणि घशात टपटप गळतंय, तर ओव्हरफ्लो आहे. नवी निडल (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसली नाही किंवा तिच्या तोंडाशी कचरा अडकला. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीच्या बाजूला दोन हलक्या टिचक्या मारा, कधीकधी तेवढ्यानेही सुटते. आत गेलेलं पेट्रोल बाहेर काढायला चोक पूर्ण आत (म्हणजे बंद), ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि पाचसात सेकंद सेल्फ. पायाने सारखं पंप करायचं नाही, त्याने अजून ओतलं जातं.

आता करंट. एक प्लग काढा, वायरीत घालून त्याचं धातूचं अंग इंजिनला टेकवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळसर, तडतडणारी ठिणगी हवी. सांडलेलं पेट्रोल आधी पुसलेलं असू द्या. ठिणगीच नाही तर कॉईलची वायर बघा. फिल्टरचा डबा काढताघालताना ती हमखास ओढली जाते.

ठिणगी आहे, पण इंजिन वर कार्बोरेटरमधून फटाके मारतंय, तर प्लगच्या वायरी तुम्ही काढल्या होत्या का ते आठवा. या इंजिनाचा फायरिंगचा क्रम, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी मिळण्याचा क्रम, 1-3-2. तीन वायरी सहा प्रकारे लागतात, त्यातला एकच प्रकार बरोबर. गंमत म्हणजे दोनच वायरी एकमेकींच्या जागी गेल्या तर तिसरी बरोबर राहते. एक सिलिंडर बिचारा प्रयत्न करत राहतो आणि आपल्याला वाटतं, ‘आता उचलणार, आता उचलणार.’ तिन्ही सरकल्या तर तेवढंही नाही.

हे सगळं ठीक निघालं तरी सुरू होत नसेल तर माझी गोष्ट ऐका. 2009 मध्ये मिरजेत आमच्या वडिलांच्या 800 चा कार्बोरेटर मी आणि धाकट्या भावाने उतरवला होता. काचेत पेट्रोल, पिचकारी झकास, ठिणगी निळी. आणि प्लग? कोरडे ठणठणीत. सकाळी सहापासून भिडलो होतो. संध्याकाळपर्यंत तीनदा कार्बोरेटरचं झाकण उघडलं, तिसऱ्यांदा कागदी पॅकिंग फाटलं, सांगलीला जाऊन दुसरं किट आणलं. वडील ओट्यावर पेपर वाचत बसलेले, एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागत होतं.

शेवटी गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. ते स्कूटरवर आले, हातात पानासुद्धा नाही. डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना करंट वाटणाऱ्या डब्याची) मधली वायर काढून बॉडीला टेकवली, म्हणजे ठिणगी पडून तोंडावर फटाका नको. कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात ठेवला आणि म्हणाले, ‘मार सेल्फ.’ तीनचार सेकंदांत हात उचलला. ‘ओढत नाहीये रे हे. खाली काय कोंबलंय?’

भाऊ माझ्याकडे बघायला लागला, मी भावाकडे. कार्बोरेटर उतरवल्यावर त्याच्याखालच्या मॅनिफोल्डच्या (इंजिनात जाणाऱ्या नळकांड्याच्या) तोंडात नट-वॉशर पडू नये म्हणून फडकं कोंबायचं, हे मीच त्याला शिकवलं होतं. त्याने मुकाट्याने कोंबलं. मी त्यावरच पॅकिंग ठेवून कार्बोरेटर कसला. नट सोडून उचललं तर आत आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, जांभळ्या काठाचा, पेट्रोलने चिंब. आम्ही पाठवत होतो ते सगळं पेट्रोल तो पीत होता, म्हणून प्लग कोरडे. मिस्त्रींनी तो चिमटीत धरून सगळीकडून बघितला, एखादा तुकडा तुटून आत गेला नाही ना म्हणून. मग पिळला, ओट्यावर वाळत टाकला आणि चहा मागितला.

तेव्हा तळहाताची चाचणी तुम्हीही करा, त्यांच्यासारखी मधली वायर बॉडीला टेकवूनच. हाताला स्पष्ट ओढ लागली पाहिजे. ओढ नाही किंवा अगदी क्षीण आहे, तर एकतर खाली काहीतरी अडकलंय, नाहीतर कार्बोरेटरखालून हवा शिरतेय. तळाचं पॅकिंग दुमडलंय, नट एका बाजूने जास्त कसलाय, एखादी व्हॅक्यूमची नळी लावायची राहिलीय. सुटी नळी लोंबत असेल तर ती दिसतेच, फक्त बघायला हवं.

किटबद्दल एक. त्यात बऱ्याचदा एकसारखी दिसणारी दोनतीन पॅकिंग असतात, कारण एकच किट दोनतीन प्रकारच्या कार्बोरेटरांना चालवतात. चुकीचं लागलं तर एखादं बारीक भोक झाकलं जातं. जुनं पॅकिंग फेकलं नसेल तर नव्याची त्याच्याशी भोकाला भोक लावून तुलना करता येते. फेकलं असेल तर पुढच्या वेळी फेकू नका. जेटचं (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकांच्या तुकड्यांचं) म्हणाल तर दोन मेन जेट आपापसांत बदलले तरी गाडी सहसा सुरू होते, धड चालत नाही एवढंच. त्यामुळे त्या वाटेला आत्ता जाऊ नका.

आणि ॲक्सिलरेटर दाबून धरला तर सुरू होतेय, पाय काढला की मरतेय, असं असेल तर प्रश्नच वेगळा. मग इग्निशन ऑन करताना कार्बोरेटरजवळ कान लावा. स्लोच्या सोलेनॉइडचा (स्लोचं पेट्रोल उघडणाऱ्या विजेच्या झडपेचा) ‘टिक’ आवाज यायला हवा. नसेल येत तर त्याची वायर लावायची राहिलीय, तपासा. येत असेल तर मिक्सरचा (स्लोला हवा-पेट्रोलचं मिश्रण ठरवणारा) स्क्रू अलगद तळाला टेकवून साधारण दोन-अडीच फेरे बाहेर काढा. तळाला टेकला की थांबायचं, पिळायचा नाही, त्याचं टोक मऊ असतं. हे फक्त सुरू होण्यापुरतं, खरं सेटिंग इंजिन गरम झाल्यावर.

गॅरेजला न्यायची वेळ आलीच तर जरा वयस्क माणूस शोधा. 800 ला एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरने पेट्रोल सोडणारी यंत्रणा) आलं 2000 च्या आसपास, त्यानंतर शिकलेली पोरं आधी स्कॅनर लावायला जागा शोधतात. तुमच्या गाडीला ती जागाच नाही.

हे करून झालं की दोनच गोष्टी खाली लिहा: काचेत पेट्रोल कुठपर्यंत दिसतंय, आणि सेल्फ मारून झाल्यावर काढलेले प्लग ओले होते की कोरडे. फडकं सापडलं तर तेही लिहा, लाजू नका.