माज, मगरुरी आणि मुजोरी

परभणीहून एकांनी विचारलंय: ‘आमच्याकडे गर्विष्ठाला कुणी गर्विष्ठ म्हणत नाही. लई माजलाय, मगरूर आहे, मुजोर आहे, असंच म्हणतात. तिन्हींचा अर्थ एकच का? आणि मगरूर हा निजामाच्या उर्दूतून आला का?’

अर्थ एक नाही, घराणीही वेगळी आहेत.

माज हा ‘मद’च्या गोतातला. संस्कृत ‘माद्यति’ म्हणजे धुंद होतो. प्राकृतात त्याचं ‘मज्जइ’ झालं, मराठीत माजणे. म्हैस साधारण 21 दिवसांनी माजावर येते, खुरपणी लांबली की तण माजतं. माजाला मागे काहीतरी भांडवल लागतं: पैशाचा माज, सत्तेचा माज. भांडवल सरलं की तो उतरतो, नाहीतर कुणीतरी उतरवतो.

मगरूरची गंमत मोठी आहे. अरबीत त्याच्या धातूचा अर्थ फसवणे. ‘मगरूर’ म्हणजे फसलेला, भुललेला. ‘गुरूर’ म्हणजे भूल, भ्रम. पुढे फारसी-उर्दूत स्वतःविषयीच्या भ्रमात असणारा तो मगरूर, असा अर्थ रुळला आणि आपण तोच घेतला. म्हणजे ज्याला आपण चिडून मगरूर म्हणतो, तो मुळात बिचारा गंडलेला माणूस!

आता निजाम. मराठवाड्यात अरबी-फारसी शब्द दिसला रे दिसला की तो निजामाच्या खात्यावर मांडायची आपली खोडच आहे. पण मगरूर साताऱ्यातही म्हणतात. निजामाची सत्ता 1724 पासूनची. दौलताबादेत बहमनी राज्य 1347 सालीच स्थापन झालं होतं, आणि फारसी तेव्हाही दरबारात होती. उर्दू हैदराबाद संस्थानाची सरकारी भाषा झाली ती थेट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. तेवढ्यासाठी मगरूर थांबून राहिला असेल, असं मला वाटत नाही.

मुजोर म्हणजे ‘मुँहजोर’, तोंडाने जोर करून लगाम न मानणारा घोडा. माळेगावच्या यात्रेत घोडा पारखणाऱ्याला हे सांगायला नको. लगाम आपल्या हातात आहे असं आपण धरून चालतो, त्यालाच आपण मुजोर म्हणतो. पूर्वी मालक गड्याला म्हणायचा, आता लोक साहेबाला म्हणतात. सावकाराला मात्र मुजोर म्हटलेलं माझ्या कानाला खटकतं, तो माजलेलाच.