ख्रिस्ती असूनही दुःख विसरायला रात्रभर मोबाईल बघतो, मग येशूचं ‘जागे राहा’ म्हणजे नेमकं करायचं काय?

तुम्ही लिहिलंय की नोकरी गेल्यापासून रात्ररात्र मोबाईल चालू असतो, रविवारी उपासनेला जाता पण आत काहीच हलत नाही. वडील गेल्यावर माझं पण दोन वर्षं हेच चाललं होतं. दारू नव्हती, त्यामुळे वाटायचं आपण बरे आहोत. पण पहाटे तीनपर्यंत जुन्या क्रिकेट मॅचेस बघायचो, निकाल पाठ असलेल्या, आणि मंडळीत (चर्चमध्ये) कोणी विचारलं की ‘प्रभूची कृपा, सगळं बरंय’, खरं तर ते वाक्य पण एक गुंगीची गोळीच होती.

येशूला पकडलं त्या रात्री गेथशेमाने बागेत त्याचे शिष्य झोपले हे आपण संडे स्कूलपासून ऐकतो आणि त्यांना आळशी समजतो. पण बायबलमधलं लूक 22:45 नीट वाचा, ते दुःखाने झोपले होते असं लिहिलंय! आणि जो जागा होता तो येशू काही हसतमुख बसला नव्हता, जीव मरणाइतका खिन्न झालाय असं उघड बोलला आणि मित्रांना म्हणाला माझ्याबरोबर जागे राहा, म्हणजे एकट्याने जागणं त्यालाही नको होतं.

दुसऱ्या दिवशी वधस्तंभाजवळ त्याला बोळ (एक कडू डिंक) मिसळलेला द्राक्षारस देऊ केला, तो त्याने घेतला नाही (मार्क 15:23). वेदना बोथट करायला ते देत असावेत असं बरेच अभ्यासक मानतात. (शेवटी आंब म्हणजे आंबट द्राक्षारस घेतला ती गोष्ट वेगळी, तो तहान लागली म्हणून.) गुड फ्रायडेला येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर संदेश ऐकताना माझ्या डोक्यात आलं, हा पूर्ण शुद्धीवर होता म्हणून शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराशी बोलू शकला, आईची सोय लावू शकला. आणि माझी आई शेजारच्याच खोलीत रोज रात्री जागी असायची, मला दोन वर्षं पत्ताच नाही.

याचा अर्थ औषधं फेकून द्या असा अजिबात काढू नका. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने आधी उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं, तो खाऊन परत झोपला तरी देवदूत रागावला नाही (1 राजे 19). झोप येत नसेल, मन फारच खचलं असेल तर डॉक्टरकडे जा, त्यात अविश्वास वगैरे काही नाही.

मी एवढंच केलं, फोन रात्री किचनमध्ये चार्जिंगला लावायला लागलो आणि आईजवळ बसून बायबलमधलं एक स्तोत्र मोठ्याने वाचायला लागलो. पहिल्या रात्री 88वं निघालं, ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, मला वाटलं चुकीचं निवडलं. आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “उद्या पण हेच वाच.”