झाडू परत करायला जाशील तेव्हा

प्रिय,

तुझं पत्र परवा मिळालं. सोबतचे फोटोही पाहिले. तोंडाला रुमाल, हातात झाडू, मागे अर्धवट जळालेला बसथांबा आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर दमल्याचं समाधान. दोन दिवस दंगलीच्या बातम्यांत ज्या शहराचं नाव ऐकलं की पोटात गोळा यायचा, तेच नाव तुम्ही पुठ्ठ्यावर ठसठशीत लिहून चौकात धरलंत. बरं वाटलं. आता ‘पुढे काय करू’ असं विचारलंयस म्हणून लिहितोय. थोडं टोचेल.

आधी हे सांगतो की तुम्ही केलंत ते पोरकट नव्हतं. जळका रस्ता तसाच पडून राहिला की लोक दार लावून घेतात, आणि दारं लागली की गल्ली अफवांच्या ताब्यात जाते. चार अनोळखी माणसं एका फुटपाथवर काचा गोळा करताना दिसली तरी वरच्या मजल्यावरची एखादी खिडकी उघडते. एवढं त्या झाडूचं काम, आणि ते मोठं आहे.

2011 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या टॉटनहॅम भागात पोलिसांच्या गोळीने मार्क डगन नावाचा तरुण मेला. 6 तारखेला तिथे दंगल पेटली आणि काही दिवसांत जाळपोळ, लूट बर्मिंगहॅम, मँचेस्टरपर्यंत पोचली. 9 तारखेला क्लॅपहॅम जंक्शनपाशी शेकडो माणसं झाडू घेऊन जमली. पण रस्ता पोलिसांनी बंद केलेला. आत पुरावे गोळा करणं चाललं होतं. माणसं तासन्‌तास ताटकळली. झाडू उंच धरलेल्या त्या गर्दीचा फोटो जगभर गेला. मला मात्र त्यांचं ते थांबणं जास्त आवडतं. (महापौर बोरिस जॉन्सनही तिथे झाडू हातात घेऊन गेले. लोकांनी त्यांना विचारलं, काल रात्री पोलीस कुठे होते? फोटोपुरता झाडू लोक बरोब्बर ओळखतात.)

थांबण्याचं एवढं कौतुक का, तर मी एकदा थांबलो नव्हतो. तुझ्यापेक्षा थोडा मोठा होतो. एका दंगलीनंतर आम्ही पोरांनी एका स्टेशनरीवाल्याचं दुकान तो यायच्या आत लख्ख करून ठेवलं. काचा, जळके खोके, भिजलेल्या वह्या, सगळं हातगाडीत भरून पार टाकूनही आलो. तो आला, त्याने आम्हाला हात जोडले आणि मग पायरीवर मटकन बसला. पंचनामा व्हायचा होता. विम्याच्या सर्व्हेअरला दाखवायला त्याच्याजवळ काय उरलं होतं, तर झाडलेली फरशी. त्यानंतर तो आम्हाला एक शब्दही बोलला नाही, आणि ते मला अजून आठवतं.

म्हणून सांगतो, दुकान ज्याचं, त्याला विचारल्याशिवाय काचेचा तुकडाही हलवू नकोस. आधी फोटो, पंचनामा, नुकसानीची यादी. इंग्लंडमध्ये तेव्हा 1886 चा कायदा लागू होता. दंगलीतल्या नुकसानीची भरपाई पोलिसांच्या निधीतून मिळे, पण दावा 14 दिवसांत करावा लागे. 2011 मध्ये सरकारने ती मुदत 42 दिवस केली. जळालेल्या दुकानातून जो बाहेर येतो त्याला तारीख-वारही सुचत नाही. तुझ्या शहरात मुदत किती, अर्ज कुठे द्यायचा, सोबत काय जोडायचं, हे शोध आणि त्याच्याशेजारी बसून अर्ज भर. यात फोटो काढण्यासारखं काही नसतं. म्हणूनच बहुतेक सगळे या टप्प्यावर पांगतात.

आता टोचणारं. तुमच्या फोटोंखाली कुणीतरी लिहिलंय, ‘हेच खरं शहर, ती घाण होती.’ तू त्याला हृदय दिलंयस. लंडनलाही झाडणाऱ्यांच्या घोळक्यात एकीच्या बनियनवर अशाच अर्थाची शिवी लिहिलेली होती. रागाच्या भरात असं होतं, मान्य. पण पुढे गार्डियन वृत्तपत्र आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने त्या दंगलीत सामील असलेल्या 270 जणांच्या मुलाखती घेतल्या. पोलिसांवरचा जुना राग त्यातल्या बहुतेकांच्या बोलण्यात आला. राग खरा असला म्हणून दुसऱ्याचं दुकान जाळणं माफ होत नाही; पण ती माणसंही त्याच शहराची होती. तुमच्याकडेही अटक झालेल्या पोरांची घरं तुम्ही झाडलेल्या रस्त्यापासून फार लांब नसणार. त्यातल्या एखाद्याची आई रोज त्याच थांब्यावर बसची वाट बघत असेल.

त्याच लंडनमधल्या पेकहॅमला एका दुकानाच्या फुटलेल्या काचेवर फळ्या ठोकल्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केली आणि बघता बघता फळ्या दिसेनाशा झाल्या. कुणीही थांबावं आणि लिहावं, कोण आलं, कोण नाही याची हजेरी नाही. तुमच्या घोषणेच्या पुठ्ठ्याऐवजी असं काहीतरी असतं तर मला जास्त आवडलं असतं.

आणि भिवंडी. 1970 च्या आणि 1984 च्या मे महिन्यांतल्या दंगलींनी यंत्रमागाच्या या गावाचं नावच दंगलीशी जोडलं गेलं होतं. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे तिथे आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. गल्लीतले हिंदू, गल्लीतले मुसलमान आणि पोलीस एकत्र बसायचे, काही घडलेलं नसतानाही. 1992-93 मध्ये शेजारची मुंबई जळली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांचा आकडा 900 आहे. भिवंडी शांत राहिली. त्या दिवसांतल्या भिवंडीचा फोटो काढायला कोण जाणार, आणि काढणार तरी कशाचा? शहराचा अभिमान म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर त्या बैठका येतात. चहा, कुरबुरी, कुणीतरी उशिरा आलेला, आणि तरीही पुढची तारीख ठरलेली.

तुमचा तीस-चाळीस जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे म्हणालीस. महिन्याभरात त्यात शुभ सकाळ सुरू होईल, बघ. त्याआधी एक बैठक ठरव, आणि त्यात तुमच्यासोबत झाडायला न आलेल्या वस्तीतले निदान चौघं असू देत. पहिल्यांदा ते बहुधा यायचे नाहीत. दुसऱ्यांदा बोलाव.

झाडू कुणाकुणाकडून मागून आणलेत ना? ते पोचवायला तूच जा. शेवटच्या फोटोत कोपऱ्यात एक शटर अजून खाली दिसतंय. ते कुणाचं आहे, विचारून ये आणि मला कळव.

तुझे सर