आईच्या मनगटाचे हाड मोडले आहे. ते लवकर जुळण्यासाठी तिला काय खायला द्यावे?

नाचणी द्या, मासे द्या, डाळ-अंडी द्या. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि नव्या हाडाची चौकट प्रथिनांची असल्यामुळे तीही पोटात जायला हवीत. परंतु आपण केवळ खाण्याबद्दल विचारले आहे, आणि आमच्याही घरात सहा आठवडे केवळ खाण्याचाच विचार झाला, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचे घर गुहागरजवळ आहे. श्रावणात आई विहिरीवरून येताना चिऱ्याच्या पायरीवरील शेवाळावरून घसरली आणि पडताना तिने उजवा तळहात टेकला. अस्थिरोगतज्ज्ञांनी हाड बसवून प्लास्टर घातले व बजावले की, हात उशीवर उंच ठेवावा आणि बोटे पहिल्या दिवसापासून दर तासाला मिटावी-उघडावी.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून दादा आले. त्यांनी पावडरीचे दोन डबे आणले आणि हात तसूभरही हलवायचा नाही, हाड सरकेल, असे आईला ठणकावले. थोरल्यापुढे बोलण्याची आमच्याकडे रीत नाही; मी गप्प बसलो, ही माझी चूक. आई हात झोळीत घालून पडवीत बसून राहिली. बोटे इतकी सुजली की पेरांवरच्या सुरकुत्या दिसेनाशा झाल्या. प्लास्टर काढले तेव्हा एक्स-रेत हाड उत्तम जुळलेले होते, पण मूठ मिटेना.

मोडल्या जागी साकळलेल्या रक्तात दोन-तीन आठवड्यांत कूर्चेसारखा मऊ जोड तयार होतो, मग त्यात कॅल्शियम बसून तो कठीण होतो आणि पूर्वीचा आकार व ताकद येण्यास पुढे कित्येक महिने जातात. हे काम प्लास्टरच्या आत चालूच असते. बोटे मोकळी राहावीत म्हणूनच तर प्लास्टर त्यांच्या मुळाच्या अलीकडे थांबवतात; ती हलवली नाहीत तर त्यांचे सांधे आखडतात. दादांना हे आजही मान्य नाही, वयामुळे असे होते म्हणतात. मग शेजारच्या काकी आईहून मोठ्या असूनही, प्लास्टरमधल्या हाताने रोज कुळीथ निवडत बसल्या आणि त्यांची मूठ आज घट्ट मिटते, ते कसे? आई चार महिन्यांच्या फिजिओथेरपीनंतर तांदळाची भाकरी थापू लागली, पण नारळाची वाटी तिच्या हातात ठरत नाही. तो मी खवतो.

आपल्या आई मिसरी लावत असतील तर ती आधी बंद करा, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळणे लांबते. आमच्याकडे मिसरीची डबीही दादांनीच आणून दिली होती.

मात्र हाडात तार किंवा पट्टी घातली असेल, तर व्यायाम डॉक्टर सांगतील तेवढाच करावा. बोटे निळसर किंवा बधिर झाली अथवा वेदना वाढतच गेल्या, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. मुतखडा असल्यास कॅल्शियमच्या गोळ्या विचारल्याशिवाय देऊ नयेत. आणि साध्या घसरण्याने मनगट मोडले असेल व वय साठीच्या पुढे असेल, तर हाडांची घनता तपासून घ्यावी. आम्ही ती तपासणी वर्षभर उशिरा केली.