एआयने सिलॅबस केला, पण त्यात मानस कुठे आहे?

प्रश्न : नमस्कार सर, मी तिसवाडीतल्या एका कॉलेजात शिकवते. पुढच्या सेमिस्टरला 'गोव्यातली खाजन शेती' (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या जमिनीतली शेती) हा तीन क्रेडिटचा स्किल कोर्स सुरू करायचाय आणि सिलॅबस आठ दिवसांत द्यायचाय. एआयला विचारलं तर दोन मिनिटांत १५ आठवड्यांचं सगळं आखून दिलं, दिसायला एकदम छान. पण शेवटी दिलेल्या पाच पुस्तकांतली तीन कुठेच सापडली नाहीत, आता सगळ्याचीच धास्ती वाटतेय. हे वापरावं का, आणि वापरलं तर ती लबाडी होते का? (ड्राफ्ट सोबत पाठवतेय.)

उत्तर : मॅडम, वापरा. लबाडी वगैरे काही नाही, जुन्या सिलॅबसची फाईल उघडून त्यावरच नवीन चढवायचं हे आपण मास्तर लोक कायम करत आलोय. फक्त अभ्यासक्रम मंजूर करणाऱ्या बोर्ड ऑफ स्टडीजकडे फाईल जाताना मदत घेतली होती एवढं सरळ सांगून टाका.

पुस्तकांची यादी मात्र आजच काढून टाका, सापडलेली दोनसुद्धा हातात घेऊन चाळल्याशिवाय ठेवू नका. या मशीनला नुसतं विचारलं की ते कपाट उघडून बघत नाही, एका शब्दापुढे कुठला शब्द शोभेल हे बघत वाक्य जोडत जातं, त्यामुळे खरं वाटणारं नाव आणि खरा वाटणारा लेखक सहज तयार होतो. पणजीला पाटो भागातल्या सेंट्रल लायब्ररीत एक दिवस काढा, तिथे मिळतील तीच पुस्तकं लिहा.

आता तास. ड्राफ्टमध्ये तीन क्रेडिटचे ४५ तास धरलेत, पण थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास आणि प्रॅक्टिकलच्या एकाला ३० तास, म्हणजे तुमचे थिअरीचे दोन अधिक प्रॅक्टिकलचा एक मिळून ६० होतात. शिवाय १५ आठवडे सलग मोजलेत, मध्ये चवथीची सुट्टी येते हे त्याला कोण सांगणार?

पण मला खरी काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तुमच्या ड्राफ्टमध्ये ठिबक सिंचनावर अख्खं युनिट आहे, आणि मानस, म्हणजे बांधातली दारं लावलेली पाण्याची मोरी, 'जलनियंत्रण रचना' म्हणून एका ओळीत गुंडाळलीय. अहो, खाजन उभं आहे ते त्या मानशीवर! ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने तिची लाकडी दारं बाहेर उघडतात, भरती चढली की खाडीचं पाणीच ती ढकलून मिटवतं, कुणाला हात लावावा लागत नाही. पहिल्या पावसात मातीतलं मीठ धुवून जातं मग भात, आणि तेही कोरगूट, कारण ते खारटपणा सोसतं. बांध राखायचं काम गावकरीकडे, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदाद या संस्थेकडे असायचं, तो भागही गायब आहे. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांच्या, २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी वेगळी तरतूद आहे, तीही नाही. नेटवर ज्याबद्दल कमी लिहिलं गेलंय तिथे हे मशीन दुसरीकडची शेती आणून भरतं आणि आपल्या मुलांना आपलंच खाजन परकं होतं.

म्हणून आधी तुम्ही दोन पानं लिहा, अगदी बोलता तशी. गावात बांधावर राबलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसापाशी बसा, त्याच्या तोंडचे शब्द तसेच ठेवा. मग ती पानं, ६० तासांचा हिशोब आणि सुट्ट्या एआयला द्या आणि सांगा की याबाहेरचं काही घालू नकोस, फक्त युनिटं पाड. ते काम ते खरंच चांगलं करतं. आउटकम्सही, म्हणजे कोर्सनंतर मुलांना काय येईल ती वाक्यंही, सुधारून घ्या, 'विद्यार्थी खाजन समजून घेतील' हे तपासणार कसं? 'मानशीचं चित्र काढून भरती-ओहोटीला पाणी कुठे वाहतं ते दाखवतील', असं लिहिलं तर मार्क देता येतात.

आणि फील्ड व्हिजिट त्याने दर शनिवारी सकाळी दहाला टाकलीय ना, ती बदलू नका. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास. टाइड टेबल बघून पहिला शनिवार ओहोटीचा निवडा, दारं उघडी दिसतील, पुढच्या शनिवारी त्याच वेळी त्याच जागी पोरांना ती मिटलेली दिसतील.