वाचकांचे प्रश्न: बंगालमधले 'बर्गी'

प्रश्न: सर, माझी बंगाली रूममेट म्हणते की त्यांच्याकडे अंगाईगीतात लहान मुलांना मराठ्यांची भीती घालतात. खरंय का हे? आपल्याकडे तर रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावायचा नाही असंच शिकवतात ना!

उत्तर: खरंय. त्या अंगाईगीतात ज्यांची भीती घालतात ते 'बर्गी' म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावरचे स्वार. १७४२ पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज चौथाईसाठी, म्हणजे महसुलाच्या चौथ्या हिश्शासाठी, बंगालवर जायची आणि गावं लुटायची, जाळायची, लोकांना मारायची, कलकत्त्याला तर इंग्रजांनी घाबरून खंदक खणला, मराठा डिच म्हणून. पलीकडचा बंगालचा नवाब अलिवर्दीखानही काही साधा नव्हता हं, १७४४ला त्याने रघूजींचे सेनानी भास्करपंतांना बोलणी करायला बोलावून मारलं. शेवटी १७५१ला वर्षाला १२ लाख चौथाई ठरली तेव्हा थांबलं.

भाजीच्या देठाचं म्हणाल तर ते शब्द शिवाजी महाराजांनी १६७६ला सुभेदार रामाजी अनंतांना लिहिलेल्या पत्रातले. महाराजांचं लष्कराला लिहिलेलं पत्रही अस्सल आहे, लागेल ते बाजारातून विकत आणा, नाहीतर रयत म्हणेल यापेक्षा मोगल बरे. पण ते चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला होतं, म्हणजे आपल्याच मुलखासाठी, आणि सुरत तर महाराजांनीही दोनदा लुटली. 'त्या काळी सगळेच करायचे' असं काही जण म्हणतात, हे मला तरी पटत नाही, ज्याचं घर जळलं त्याला तेव्हाही ते वाईटच वाटलं असणार की!